पोटातलं हसू

तो तुकडा तोंडात गेला आणि शलाकाला वाटलं, आपण गाडीचा सायलेन्सर चाटतोय.

नव्वद टक्के कोको. उरलेल्या दहा टक्क्यांत काय असतं ते कंपनीनं सांगितलं नव्हतं, पण शलाकाचा अंदाज होता की विझलेल्या मेणबत्तीचं मेण. आधी जिभेवर बुळबुळीत, मग टाळूला चिकटलेलं, मग दातांच्या फटीफटींत भरलेला कडू काळा चिखल. गिळवत नाही आणि थुंकायची सोय नाही, कारण समोर अख्खं घर बसलेलं. सासू, सासरे, नवरा आणि पुण्याहून खास आलेली नणंद. पण त्यातलं एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हतं. सगळे भिंतीवरच्या टीव्हीला डोळे लावून बसले होते. टीव्हीवर होतं तिच्या पोटातलं बाळ.

"गिळलंस का गं?" आत्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं. सांगलीकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत अजून टिकून आहे, कितीही यंत्रं येवोत.

"उं," शलाका म्हणाली. तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं.

थोडा वेळ गेला. पडद्यावरच्या गुबगुबीत चेहऱ्याच्या ओठांचे कोपरे हळूहळू वर चढले. गाल फुगले.

"हसलं! हसलं!" मामांनी टाळी वाजवली. विक्रांतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लगेच फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आत्या उठल्या, टीव्हीवरून हात ओवाळले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. दृष्ट काढली ती टीव्हीची.

शलाका तोवर मोरीत पोचली होती. काळं पाणी ओकताना तिला बाहेरून नणंदेचा आवाज ऐकू आला. "काही काळजी करू नका. बाळाला पाहिजे तेवढं बाळानं घेतलंय. उरलेलं गेलं तरी चालतं."

उरलेलं म्हणजे शलाका.

टीव्हीवर बाळ दाखवणाऱ्या त्या पट्ट्याचं नाव 'मुखडा'. पोटावर बांधायचा मऊ रबरी पट्टा, आत सोनोग्राफीचे बारीक बारीक डोळे. यामागचं विज्ञान काही थापेबाजी नव्हतं. आई जे खाते त्याच्या चवीचे कण रक्तातून गर्भजलात उतरतात. बाळ ते पाणी घोट घोट पितं आणि त्याला चव कळते. फार पूर्वी संशोधकांनी पोटुशी बायकांना गाजराच्या नि पालेभाजीच्या कॅप्सूल देऊन बाळांची तोंडं बघितली होती. गाजराला बाळं हसल्यासारखी दिसली, पालेभाजीला रडवेली. मुखडावाल्यांनी एवढंच केलं, की ते बघायचं यंत्र दवाखान्यातून उचललं आणि दिवाणखान्यात आणून ठेवलं. पट्ट्याला दिसायच्या नुसत्या सावल्या. ओठाची वळणं, भुवईचा चढउतार. त्यावरून कॉम्प्युटर एक गोंडस, गुलाबी, बिनकेसाचं बाळ रंगवायचा आणि तेच टीव्हीवर दिसायचं.

आणि चॉकलेट? कोकोतली काही द्रव्यं रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणून पोटुशीनं डार्क चॉकलेटचा छोटा तुकडा खाल्ला तर वारेकडचा रक्तपुरवठा सुधारत असेल, असं काही अभ्यासांत दिसलं होतं. काहींत दिसलं नव्हतं. कंपनीनं पहिले अभ्यास उचलले, दुसरे तिथंच ठेवले आणि पट्ट्याबरोबर 'श्यामल' नावाची काळी वडी विकायला काढली.

पण खरी गंमत केली ती आपल्याच लोकांनी. आपल्याकडे डोहाळे पुरवावे लागतात. नाही पुरवले तर पोराची लाळ गळत राहते, हे सगळ्या आयाबायांना पाठ. आणि डोहाळे खरे बाळाचेच, आई नुसती बोलून दाखवते, असंही म्हणायचे. म्हणूनच पूर्वी तिला विचारायचे तरी, "काय खावंसं वाटतंय गं?" मुखडा आला आणि ही मधली बाई बाद झाली. विचारायचं ते थेट आतल्याला. सांगलीत भेळेच्या गाड्यांवर 'मुखडा-पसंत' अशा पाट्या लागल्या. एका मैत्रिणीच्या बाळानं कारल्याला ओठ चाटले म्हणून तिला महिनाभर कारलं. शलाकाचं बाळ सातव्या महिन्यात श्यामलला तोंड वेंगाडायचं, तेव्हा नणंद, कल्पनाताई, म्हणाली होती, "शिकेल हळूहळू." आठवा लागला आणि एके दिवशी ते चक्क हसलं. घरात पेढे वाटले. तेव्हापासून रोज अख्खी वडी.

कल्पनाताई आधी विमा विकायची, आता मुखडा विकायची. आवाज असा, की देवळातली घंटा गप्प बसावी.

शलाका काही गरीब गाय नव्हती. बायकांना गाडी शिकवायचा तिचा धंदा. आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्या होत्या, पण गणपती पेठेच्या गर्दीत शिरल्या की त्या बावरून जागच्या जागी उभ्या राहायच्या, त्यामुळे शलाकाचं बरं चाललं होतं. शिकणारणीच्या शेजारी, आपल्या पायाखाली दुसरा ब्रेक ठेवून तिनं निम्म्या सांगलीला रस्त्यावर आणलं होतं. अशी बाई आता स्वतःच्याच तोंडाचा ब्रेक शोधत होती.

एका दुपारी मामा जेवून आरामखुर्चीत घोरत होते. पोट असं, की पहिल्यांदा बघणाऱ्यानं त्यांचंच अभिनंदन करावं. शलाकानं हळूच पट्टा सोडला आणि मामांना बांधला. टीव्हीवर गुलाबी चेहरा उमटला, डोळे मिटलेले. खाली अक्षरं आली: 'बाळ शांत झोपले आहे. पचन उत्तम.'

शलाका हसून हसून भिंतीला टेकली. कित्येक दिवसांनी हसली होती. मामा जागे झाले, टीव्ही बघितला, स्वतःचं पोट बघितलं.

"हे माझं आहे का गं?"

"हो मामा. नाक तुमच्यावरच गेलंय."

मामाही हसले. पण संध्याकाळी कल्पनाताईचा फोन आला, कारण पट्ट्यानं कंपनीला कळवलं होतं की या घरच्या आईच्या पोटाचा घेर एका दुपारीत दुप्पट झालाय. "वहिनी, यंत्राची चेष्टा म्हणजे बाळाची चेष्टा!"

"ताई, यंत्राला मामांच्या पोटात बाळ दिसलं. पचनासकट."

"तुम्ही चुकीच्या ठिकाणी बांधलात. त्याला जे मिळालं त्यावरून त्यानं सांगितलं."

"'माहीत नाही' म्हणायचं ना मग!"

"अहो, 'माहीत नाही' म्हणणारं यंत्र कोण विकत घेईल?" कल्पनाताई अगदी मनापासून म्हणाली. तिच्या आयुष्यातलं ते बहुधा सगळ्यात खरं वाक्य होतं.

रात्रीच्या जेवणानंतर आत्या वडी घेऊन आल्याच. चांदीच्या वाटीत तुकडे, वर केशराची काडी. केशर बिचारं त्या काळ्या डबक्यात बुडून मेलेल्या किड्यासारखं दिसत होतं.

"मला नाही हो आत्या जात. नुसत्या वासानं ढवळतंय."

"तुला नसंल जात, त्याला जातंय की. आई झालीस आता, स्वतःच्या जिभेचं किती बघायचं? आ कर."

शलाकानं विक्रांतकडे बघितलं. विक्रांतनं टीव्हीकडे बघितलं. "खा ना गं," तो म्हणाला. "किती गोड हसतं ते."

मिरजेच्या डॉक्टर अस्मा मुजावर शलाकाच्या तपासणीच्या डॉक्टर. बाई कमी बोलायच्या. या खेपेला पोटावर यंत्र फिरवताना आणखीच गप्प झाल्या. पुन्हा फिरवलं. मग म्हणाल्या, "काय खाताय हल्ली?"

"खातेय कसली मॅडम. खायला घालतायत." शलाकानं वडीचं सांगितलं.

"रोज? अख्खी?" डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि समोर बसल्या. विक्रांत कोपऱ्यात उभा होता, त्यालाही बोलावलं. "नीट ऐका दोघंही. पोटात बाळाची फुप्फुसं काम करत नसतात. त्यामुळे रक्त तिकडं न जाता हृदयाजवळच्या एका आडवाटेनं पुढं जातं. जन्मल्यावर ती वाट आपोआप बंद होते, तेव्हा तिची गरज संपलेली असते. पण आधीच आकसली तर हृदयावर ताण येतो. शेवटच्या तीन महिन्यांत कोको, ग्रीन टी असलं फार पोटात गेलं तर ही वाट आकसते, असं काही डॉक्टरांना आढळलंय. सगळ्यांचं त्यावर एकमत नाही. एखादा तुकडा खाल्लात तर मी काही बोलणारही नाही. पण तुमच्या बाळाची वाट मला अरुंद दिसतेय आणि तुम्ही ते भाकरीसारखं खाताय. आजपासून बंद."

विक्रांतचा चेहरा पांढरा पडला. "मग आता?"

"खाणं थांबलं की बहुतेकदा वाट परत रुंदावते. मी बघत राहीन. आणि दुसरं म्हणजे बाळ अजून फिरलेलं नाही. डोकं वर, पाय खाली. असंच राहिलं तर पायाळू."

"डोकं वर?" शलाका कोपरावर उठली. "म्हणूनच सारख्या लाथा खाली बसतायत! पण मुखड्यावर तर..." तिनं फोन काढून सकाळचं हसू दाखवलं.

डॉक्टरांनी ते बघितलं, स्वतःच्या पडद्यावरची सावली बघितली, परत फोन बघितला. मग हसल्या, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

"या पट्ट्यानं काय केलंय बघा. आठवा महिना लागला की बाळाचं डोकं खाली, असं धरूनच टाकलंय. त्यामुळे आलेली सावली उलटी करून सुलटी मानतो. बहुतेक बाळांच्या बाबतीत ते बरोबरच येतं. तुमचं बाळ सरळ बसलंय, म्हणजे त्याचंच चित्र उलटं झालं. ओठाचे कोपरे खाली ओढलेले होते, यंत्राला ते वर दिसले. बाकीचे डोळे, गाल, खळ्या त्यानं स्वतःच रंगवल्या." डॉक्टरांनी फोन परत दिला. "हे हसत नाहीये हो. याला शिसारी आलीय."

इतके दिवस शलाकाला आणि बाळाला एकच उमासा येत होता. ती मोरीत ओकायची. आतल्याला मोरी नव्हती.

घरी येताना गाडीत तिनं फोनवर मुखड्याच्या कोपऱ्यातली खिडकी शोधून काढली. 'बाळाची स्थिती'. तिथं 'डोकं वर' असं दाबलं. यंत्रानं मुकाट्यानं साठवलेली सगळी हसू परत रंगवायला घेतली. पहिलं तयार झालं ते तिनं विक्रांतपुढे धरलं. त्यानं बघितलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"बंद कर," तो म्हणाला. "प्लीज, बंद कर."

"मी म्हणत होते तेव्हा कुठं होतास?"

तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "टीव्हीसमोर."

घरी सांगितलं, तेव्हा मामा घाबरले, आत्या गोंधळल्या आणि पुण्याहून फोनवर कल्पनाताई म्हणाली, "डॉक्टर जुन्या वळणाच्या आहेत. एकेकीचं असतं मत." भानगड अशी, की सातव्यात राहिलेलं डोहाळजेवण आता नवव्यात, येत्या रविवारीच होतं. हॉल ठरलेला. कल्पनाताईची पन्नासेक गिऱ्हाइकं येणार, त्यांच्यासमोर बाळ श्यामल खाऊन हसणार, असा सगळा बेत.

"रोजचं बंद करू," आत्या शेवटी चाचरत म्हणाल्या. "पण त्या दिवशी एक तुकडा खा. तेवढ्यानं काय होतंय? चारचौघांत कल्पनाची शोभा नको."

"आणि बाळाच्या छातीची झाली तर चालंल?"

आत्या उठून आत गेल्या. विक्रांत म्हणाला, "मी बोलतो ताईशी." दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर बोलून ठेवला.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवला आणि शलाकाला वासानंच भोवळ आली. मोगरा, अत्तर, तळण आणि या सगळ्याखाली दबा धरून बसलेला तो काळा, जळका, ओशट वास. मधोमध केक. अख्खा श्यामलचा. दिव्यांच्या उष्णतेनं कडेनं पाघळत होता, खाली ताटात काळं, चकचकीत थारोळं साचलं होतं आणि त्यात दोन माश्या अडकून पाय झाडत होत्या. तिला हिरवी साडी, वर मुखड्याचा पट्टा, फुलांचे दागिने, हातात फुलांचा धनुष्यबाण. झोपाळ्यावर बसवलं. मागे भिंतभर पडदा.

कल्पनाताईनं माइक घेतला. "आता आपण बाळालाच विचारू या, बाळा, काय हवं?" बायका हसल्या. कल्पनाताईनं केकचा लचका काढला. बोटांवरून काळा ओघळ मनगटाकडे निघाला होता. "आ करा वहिनी."

शलाकानं ओठ मिटून घेतले.

"आ," कल्पनाताई दात दाखवत पुटपुटली. "लोक बघतायत."

"लोक पडद्याकडं बघतायत, ताई," शलाका म्हणाली. "त्यांना दाखवते की." आणि मांडीवरच्या फोनवर बोट ठेवलं.

पडद्यावर चेहरा आला. तेच गुलाबी बाळ. ओठ खाली फाकलेले, जीभ अर्धी बाहेर, नाकपुड्या आकसलेल्या, कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या. खाली बारीक अक्षरांत कुणी भरवलं त्याची नोंद होती, 'आजीच्या हातून'. तो गेला, दुसरा आला. 'आजीच्या हातून'. तिसऱ्यात डोळे इतके गच्च मिटलेले, की नुसत्या चिरा दिसत होत्या. चौथ्यात हनुवटी थरथरताना पकडली होती. येतच राहिले. एका बाळाचे एवढे ओकारलेले चेहरे एका जागी कुणीच कधी बघितले नव्हते. समोर बसलेल्या बायकांची तोंडं नकळत तशीच होत गेली. कुणीतरी हातातली बशी हळूच खुर्चीखाली सरकवली.

"अगं बाई," पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "हे तर थुंकाया जागा शोधतंय."

"तांत्रिक बिघाड आहे!" कल्पनाताई ओरडली.

"बिघाड आधी होता," झोपाळ्यामागून आवाज आला. विक्रांत. कान लाल झाले होते, पण पुढं आला. "बाळ पायाळू आहे, ताई. यंत्र उलटं बघत होतं. डॉक्टरांनी दाखवलंय मला. मी तुला सांगायला घाबरलो."

कल्पनाताई विमा विकून आली होती. ती अशीतशी हरणार नव्हती. तिचा चेहरा पुन्हा उजळला. "बघा, म्हणजे आता तर यंत्र शंभर टक्के बरोबर! चला, बाळाला खरंच काय आवडतं ते शोधू या!"

आणि काय सांगावं, बायका उठल्या. कुणी पेढा घेऊन आली, कुणी चकली, कुणी आंबेडाळीची वाटी, कुणी घरून आणलेलं लोणचं. "माझ्या हातचं आवडंल बघ त्याला!" चहूकडून बोटं, चमचे, वाट्या तिच्या तोंडाशी आल्या आणि एकेका हाताच्या वरची मान पडद्याकडे वळलेली. तोंडात घास कोंबतायत आणि बघतायत भलतीकडेच. तूप, लोणचं, मोगरा, घाम आणि कल्पनाताईच्या बोटांवरचा तो काळा लेप.

शलाका झोपाळ्यावरून उठली, दोन पावलं पुढं झाली आणि केकवर ओकली.

भडाभडा, मन लावून. फुलांचा धनुष्यबाण त्यात पडला. शिंतोडे कल्पनाताईच्या पैठणीवर गेले. मागच्या रांगेत आणखी एका पोटुशीला बघूनच उमासा आला, ती तोंड दाबून पळाली, तिच्यामागं तिची सासू. बाकी सगळे जागच्या जागी थिजले. आणि पडद्याकडे कुणीही बघत नव्हतं. सगळ्या हॉलचे डोळे शलाकावर होते.

आत्या खुर्चीतून उठल्या. 'आजीच्या हातून' पहिल्यांदा वाचल्यापासून त्या हललेल्या नव्हत्या. त्यांनी टेबलावरच्या बंद डब्यातली एक कोरी वडी काढली, कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. इतके दिवस घरात ती वडी कुणी चाखली नव्हती. बाळाचा खाऊ, आपण कसा खायचा?

आत्यांचे जबडे दोनदा हलले आणि थांबले. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांदेखत त्यांनी तो काळा गोळा स्वतःच्या तळहातावर थुंकला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हे?" त्या म्हणाल्या. "हे भरवत होते व्हय मी तुला?"

शलाकानं मान डोलावली.

"आई, अगं, चव लागायला वेळ..." कल्पनाताई सुरू झाली.

"गप गं तू!" आत्यांनी हात रुमालाला पुसला. मग शलाकाच्या पाठीमागं गेल्या आणि साडीवरून बांधलेल्या पट्ट्याची पकड शोधायला लागल्या. त्यांना ती सापडेना, नुसत्याच चाचपडत राहिल्या. "कशी निघती ही? कुणीतरी सांगा की! विक्या, बघतोस काय, काढ हे आधी पोरीच्या अंगावरचं!"

दोन आठवड्यांनी मिरजेला डॉक्टर मुजावरांनी पोटावर यंत्र फिरवलं. विक्रांत शेजारी, आत्या बाहेर बाकावर. घरून काहीही करून आणलेलं नाही, हे आत्या दोन वेळा सांगून बसल्या होत्या. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. मग खांदे सैल सोडले.

"उघडलीय वाट. रक्त छान चाललंय." पुढं म्हणाल्या, "डोकं मात्र अजून वरच. हट्टी दिसतंय. चेहरा अगदी समोर आलाय आत्ता, खराखुरा, रंगवलेला नाही. बघायचाय?"

विक्रांतनं मान लांब केली.

शलाकानं झोपल्या झोपल्या हात वर नेला आणि त्याच्या डोळ्यांवर पंजा ठेवला.

"नको मॅडम," ती म्हणाली. "त्याला काय तोंड करायचं ते एकट्याला करू दे."